युक्तिकल्पतरूंतील सगृहा नौका : विहारनौकांच्या छतांविषयीं कांहीं विचार

भोजनरपतीच्या नांवावर असलेला युक्तिकल्पतरु हा ग्रंथ प्राचीन भारतीय नौकाशास्त्राचा आधार म्हणून आतां पुष्कळांस ठाऊक झाला आहे. राजेंद्रलाल मित्र यांनीं संस्कृत हस्तलिखितांवरील आपल्या टिपणांत त्याची नोंद केली. पुढें राधाकुमुद मुकर्जी यांनीं भारतीय नौकानयनावर जो इंग्रजी ग्रंथ इ. स. १९१२ मध्यें प्रसिद्ध केला, त्यांत या ग्रंथांतील नौकाप्रकरणाचा सविस्तर उपयोग केला, आणि इ. स. १९१७ मध्यें पंडित ईश्वरचंद्र शास्त्री यांनीं कलकत्त्यास मूळ ग्रंथ संपादून छापला. तेव्हांपासून नौकानयनावरील बहुतेक लेखांत या प्रकरणाचा उल्लेख येतो. परंतु तो उल्लेख बहुधा नौकांच्या लांबीरुंदीच्या कोष्टकापुरता असतो. एकशें शहात्तर हात लांबीची वेगिनी आणि एकशें वीस हात लांबीची मंथरा यांचीं मापें सांगून लेखक कृतार्थ होतात. त्याच प्रकरणांत नौकेवरील गृहांविषयीं जो लहानसा भाग आहे, तो केवळ शोभेचा समजून मागें टाकला जातो. माझ्या मतें संपूर्ण प्रकरणांत अनुभवाचा अस्सल ठसा उमटलेला भाग तोच होय; इतकेंच नव्हे, तर त्याच्या साहाय्यावांचून तें कोष्टकहि नीट लागत नाहीं. ही गोष्ट सप्रमाण मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ग्रंथकाराचें म्हणणें पाहूं. ज्या नौकेवर गृह आहे ती सगृहा. तिचे तीन प्रकार : सर्वमन्दिरा, मध्यमन्दिरा व अग्रमन्दिरा. जिच्यावर एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत मंदिर पसरलेलें असतें ती सर्वमन्दिरा. राजाचा कोश, अश्व व स्त्रिया यांच्या वाहतुकीस ती योग्य. जिच्या मध्यभागीं मंदिर असतें ती मध्यमन्दिरा. राजांच्या विलासयात्रेस व वर्षाकालांत ती प्रशस्त. जिच्या अग्रभागीं मंदिर असतें ती अग्रमन्दिरा. दीर्घ प्रवासास, युद्धास आणि मेघ ओसरल्यानंतरच्या काळास ती उपयुक्त. एवढाच मजकूर आहे. पण त्यांत प्रत्येक प्रकाराचें स्थान, कार्य व बहुधा ऋतु या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. केवळ अलंकार म्हणून छत घालणारा मनुष्य ऋतूचा विचार करीत नसतो.

येथें ‘मंदिर’ शब्दाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. मराठींत मंदिर म्हटलें कीं देऊळ डोळ्यांपुढें येतें, आणि नव्या वाचकास मध्यमन्दिरा म्हणजे देव्हारा असलेली नाव असें वाटण्याचा संभव आहे. संस्कृतांत मंदिर हा गृहवाचक शब्द आहे. अमरकोशांतहि भवन व अगार यांच्या पंक्तीस तो बसविलेला आहे. तेव्हां मंदिर म्हणजे भिंती अथवा निदान खांब आणि छप्पर असलेलें राहण्याचें ठिकाण. याहून हलकें आच्छादन म्हणजे वितान अथवा उल्लोच. आपला चांदवा तो हाच. चार दांड्यांवर ताणलेलें वस्त्र, खांबांवर उभारलेला मंडप, आणि मजल्यावर मजला चढवून केलेली माडी किंवा मेघडंबरी, अशा तीन पायऱ्या विहारनौकेच्या छतांत मानतां येतात. रामायणाच्या अयोध्याकांडांत भरताला गंगापार नेण्यासाठीं गुहानें पांचशें नावा आणविल्या, त्यांत स्वस्तिक नांवाच्या, मोठमोठ्या घंटा बांधलेल्या नावा होत्या, आणि खुद्द भरतासाठीं आणलेली नाव पांढुरक्या कांबळ्यांनीं युक्त होती. तीं कांबळीं वर ताणलेलीं होतीं असा अर्थ घ्या कीं खालीं आंथरलेलीं होतीं असा घ्या, राजाची नाव वस्त्रानें ओळखूं यावी ही कल्पना तेथें स्पष्ट आहे. युक्तिकल्पतरूंत मात्र वस्त्राची पायरी ओलांडून आपण घरापर्यंत येतों. आणि घर आलें कीं त्याचें ओझेंहि आलें.

राजाच्या विहारनौकेचें गृह मध्यभागींच कां असावें? ग्रंथकारानें कारण दिलेलें नाहीं. पण नावेंत बसलेल्या कोणासहि तें कळण्यासारखें आहे. आडव्या ओंडक्यावर टाकलेली फळी हालविली असतां तिचीं टोंकें वरखालीं होतात व मध्य जवळजवळ स्थिर राहतो. लाटेवर चढणाऱ्या नौकेची गति तशीच असते. म्हणून ज्यास क्लेश होऊं नयेत त्याचें आसन मध्यें. दुसरें कारण भाराचें. विहारनौकेवर माणसें येतात, जातात, उठतात, एका बाजूस जमतात. हा चंचल भार पुढें किंवा मागें असेल तर एक टोंक बुडतें व दुसरें उचललें जातें. मध्यें असेल तर नौका समतोल राहते. तिसरें कारण वल्हेकऱ्यांचें. गृह मध्यें बांधलें म्हणजे पुढें व मागें दोन मोकळ्या जागा उरतात. तेथें वल्हेकरी बसतात, आणि स्वामीच्या एकांतास बाध न येतां नाव चालते. वर्षाकालाचा उल्लेखहि आतां लागतो. पावसांत विहार करावयाचा तर छत पाहिजेच. पण त्या दिवसांत वारा अवचित फिरतो. नौका ज्या बिंदूभोंवतीं वळते त्याच्या जवळच वाऱ्याला अडविणारें गृह असेल, तर तिचें तोंड एकाएकीं फिरविलें जात नाहीं. तेंच गृह मुखाजवळ असतें तर प्रत्येक झोतासरशीं सुकाणूंवरील मनुष्याची त्रेधा उडाली असती.

याच कसोटीवर उरलेले दोन प्रकार घांसून पाहावे. अग्रमन्दिरा ही युद्धाची नौका. तिचें गृह पुढें असल्यानें शत्रूकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या योद्ध्यांस उंच व आडोशाची जागा मिळते, आणि मागची सारी लांबी शीड व वल्हीं यांस मोकळी राहते. वाऱ्याचा जो दोष वर सांगितला तो या रचनेंत आहेच. म्हणून ग्रंथकार तिला मेघ ओसरल्यानंतरचा काळ नेमून देतो. सर्वमन्दिरा ही वाहतुकीची. कोश भिजतां कामा नये, घोडे बुजतां कामा नयेत, स्त्रियांस परक्यांची दृष्टि लागतां कामा नये. म्हणून सर्व नौका झांकली पाहिजे. मग वल्हेकऱ्यांनीं कोठें जावें? बंगाल्यांतील कांहीं मालवाहू नावांवर खलाशी छपरावर उभे राहून लांब वल्हीं मारीत, त्यावरून याचें उत्तर मिळतें. तात्पर्य, तिन्ही प्रकारांत छताची जागा कार्यानें ठरविलेली आहे. हा विभाग घाटावर बसून नावा पाहणाऱ्या कोणा जाणत्याच्या अनुभवावरून झालेला आहे, याविषयीं मला शंका राहिलेली नाहीं.

आतां शिल्प व चित्र यांची साक्ष घेऊं. सांचीच्या पहिल्या स्तूपाच्या पश्चिम तोरणावर एक नौका कोरलेली आहे. तिचें मुख पंख असलेल्या सिंहासारख्या प्राण्याचें व पिच्छ माशाच्या शेपटीचें आहे. तिच्यावर एक मंडप असून त्यांत रिकामें आसन आहे. एक सेवक छत्र धरून व दुसरा चवरी घेऊन उभा आहे, तिसरा मोठ्या वल्ह्यानें नाव चालवीत आहे. येथें मंडप व छत्र दोन्ही एकदम आहेत. पावसाउन्हाचेंच निवारण करावयाचें तर मंडपाखालीं पुन्हां छत्र कशाला? उघड आहे कीं छत्र हें पदाचें चिन्ह आणि मंडप हें आश्रयाचें साधन. नौकेवरील आच्छादनाचे हे दोन हेतु वेगळे आहेत, व ते एकाच नौकेवर शेजारीं शेजारीं नांदतात.

आपल्या महाराष्ट्रांतील अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत याहून बोलका पुरावा आहे. ग्रिफिथ्स यांनीं प्रतिकृति करून प्रसिद्ध केलेल्या एका राजविहाराच्या नौकेस दोन्ही टोंकांवर डोळे रंगविलेले आहेत, मध्यभागीं खांबांचें छत आहे, पुढें छत्र आहे, मुखाशीं एक वल्हेकरी आहे, आणि मागें सुकाणूं धरणारा मनुष्य शिडीसारख्या उंच मांडणीवर आहे. ही मध्यमन्दिरा होय, असें मुकर्जी यांनीं म्हटलें आहे व तें यथार्थ आहे. पण त्या शिडीकडे लक्ष गेलें पाहिजे. मध्यें गृह उभें राहिलें कीं मागच्या मनुष्यास पुढचें पाणी दिसेनासें होतें. मग एक तर छत ठेंगणें करावें, नाहीं तर सुकाणूंवाला उंच बसवावा. चित्रकारानें दुसरा उपाय दाखविला आहे. ज्यानें ती शिडी काढली त्यानें अशी नाव डोळ्यांनीं पाहिली असली पाहिजे; केवळ कल्पनेनें चितारणारास राजा, छत्र व खांब सुचले असते, शिडी सुचली नसती.

आतां कोष्टकाकडे वळूं. विशेष वर्गांतील नौकांचे ग्रंथकार दोन भेद करतो : दीर्घा व उन्नता. दीर्घा वर्गांत रुंदी लांबीच्या अष्टमांश व उंची दशमांश. पहिली दीर्घिका ३२ हात लांब, ४ हात रुंद व ३⅕ हात उंच. उन्नता वर्गांतील पहिली ऊर्ध्वा. मुकर्जी यांच्या कोष्टकाप्रमाणें तीहि ३२ हातच लांब, पण १६ हात रुंद व १६ हात उंच. दोहोंची लांबी एकच आहे. हात म्हणजे दीड फूट धरला तर दीर्घिकेची उंची पांच फुटांहून किंचित् कमी येते. ती नावेच्या पोटाची खोली म्हणून अगदीं शोभते. परंतु ऊर्ध्वेची उंची २४ फूट येते. ४८ फूट लांबीच्या लांकडी नावेचें पोट २४ फूट खोल असूं शकत नाहीं; तशी नाव नदींत तरंगावयाचीच नाहीं, तळाशीं रुतेल. म्हणून माझें अनुमान असें कीं उन्नता वर्गांत सांगितलेली उंची तळापासून छताच्या माथ्यापर्यंतची आहे. पोट पांचसहा फूट, व बाकीची उंची एका किंवा दोन मजल्यांच्या गृहाची. ‘उन्नता’ या नांवाची सार्थकताहि अशानेंच होते.

यावर कोणी विचारील, उंची गृहाची असेल, पण रुंदी चौपट कां केली? याचें उत्तर प्रत्येकानें घरीं करून पाहण्यासारखें आहे. बत्तीस बोटें लांब व चार बोटें रुंद असा लांकडी पन्हळ पाण्याच्या हौदांत सोडावा आणि त्याच्या मध्यावर सोळा बोटें उंचीचें हलकें खोकें उभें करावें. बोटाच्या धक्क्यासरशीं सर्व कलंडतें. तेंच खोकें सोळा बोटें रुंदीच्या पन्हळावर ठेवावें. तो डुलतो, पण सांवरतो. नौकेस पुन्हां सरळ करणारी जी शक्ति पाण्याच्या रेषेवरील तिच्या आकारांतून उत्पन्न होते, ती रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली तर ती आठपट होते. चौपट केली तर चौसष्टपट. ग्रंथकारास हें गणित ठाऊक असेल असें मी म्हणत नाहीं. पण ज्या सुतारांच्या परंपरेवरून त्यानें लिहिलें, त्यांस उंच घर हवें तर तळ रुंद हवा हें हातानें ठाऊक होतें. अर्थात् येथें घरानें नौकेचा आकार ठरविलेला आहे.

हीच रीत इतरत्र पाहावयास मिळते. हुमायूनाच्या दरबारांतील ख्वांदमीर यानें आपल्या कानून-इ-हुमायूनी या फारसी ग्रंथांत यमुनेवरील एका जलमहालाचें वर्णन केलें आहे. चार नावांवर प्रत्येकीं दोन मजल्यांचा चौकमानी मंडप उभारला. मग त्या नावा मंडप समोरासमोर येतील अशा जोडल्या, आणि दोन दोन नावांच्या मध्यें आणखी एकेक कमान साधली. त्यायोगें मध्यें अष्टकोनी हौद दिसूं लागला. वरवर पाहतां ही बादशाही हौस आहे. पण एकट्या नावेवर दोन मजले डळमळले असते. चार नावा बांधून टाकल्यावर त्यांचा मिळून एकच विस्तीर्ण तळ झाला, आणि मजले निर्भयपणें उभे राहिले. दक्षिणेंत मदुरा येथें तिरुमल नायकानें सतराव्या शतकांत बांधविलेल्या तेप्पकुळम् तलावांत मीनाक्षी व सुंदरेश्वर यांचा नौकोत्सव होतो. तेथील तेप्पम् हा वस्तुतः रुंद तराफा असतो. म्हणूनच त्यावर शिखरासारखा चढता मंडप उभारतां येतो. तो दोरांनीं ओढला जातो. वेगाचें त्याला प्रयोजन नाहीं.

जेथें वेग हवा तेथें उलट व्यवस्था दिसते. सयाम देशाची सुफन्नहोंग म्हणजे सुवर्णहंस ही राजनौका इ. स. १९११ मध्यें पुरी झाली. ती सुमारें ४६ मीटर लांब व जेमतेम ३ मीटर रुंद असून तिला पन्नास वल्हेकरी लागतात. तिच्यावरील राजाचें आसनगृह लहान, हलकें व मध्यभागीं असतें. तेथें अशा शिखरयुक्त आसनगृहास बुसबोक म्हणतात; हा शब्द आपल्या ‘पुष्पक’ शब्दाचें रूपांतर आहे, हें पाहून कोणाहि संस्कृतज्ञास आनंद होईल. दीर्घा नौकेवर मोठें घर न घालतां मध्यें एक पुष्पक ठेवावें, हा नियम तेथील कारागिरांनींहि पाळलेला आहे.

एक आक्षेप मीच माझ्यावर घेतों. युक्तिकल्पतरूंतील तीन प्रकारांनीं सर्व नावा संपत नाहींत. बंगाल्यांतील बजरा, जिच्या एका नमुन्यावर म्हणजे ‘पद्मा’ नांवाच्या कौटुंबिक नावेवर रवींद्रनाथ ठाकूर यांनीं पद्मा नदींत अनेक दिवस काढले, तिचें घर मागच्या बाजूस असतें. वल्हेकरी पुढें असतात व सुकाणूंवाला घरामागें उंचावर उभा राहतो. हिला पश्चान्मन्दिरा म्हणावें लागेल, व तसा प्रकार ग्रंथांत नाहीं. परंतु यानें मूळ मुद्दा ढळत नाहीं. बजरा ही दूरच्या नदीप्रवासाची, पुष्कळदां दोरानें प्रवाहाविरुद्ध ओढावयाची नाव. तिच्या पुढच्या भागीं खलाश्यांस मोकळीक हवी, म्हणून घर मागें गेलें. येथेंहि कार्यानेंच जागा ठरविली आहे.

दुसरी मर्यादाहि सांगितली पाहिजे. सामान्य वर्गांतील भीमेपासून पुढच्या नौकांचीं मापेंहि लांबीच्या निम्मी रुंदी व निम्मी उंची अशींच आहेत. त्यांतील मंथरा १२० हात लांब, ६० हात रुंद व ६० हात उंच, म्हणजे नव्वद फूट उंच. छत जमेस धरूनहि ही उंची लांकडी नावेस पेलणारी नव्हे. म्हणून कोष्टकाचीं वरचीं टोंकें हा अंकांचा विस्तार समजावा, आणि खालच्या मापांतील प्रमाण तेवढें ग्राह्य मानावें. ग्रंथाचें कर्तृत्वहि निर्विवाद नाहीं. त्यांत भोजाचीं वचनें परक्याचीं म्हणून उद्धृत केलेलीं आहेत, तेव्हां तो धारेच्या भोजराजानें स्वतःच रचला असें ठामपणें म्हणतां येत नाहीं. जे लोक एकशें ऐंशी फुटांच्या जहाजांचा अभिमान या कोष्टकावर उभारतात, ते अरुंद पन्हळावर उंच खोकें ठेवीत आहेत. अभिमानच धरावयाचा तर तो त्या तीन मंदिरांच्या विभागाचा धरावा. तो पाण्यावर टिकतो.

शेवटीं हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या बंधूंस एक विनंति. युक्तिकल्पतरूची पोथी किंवा तिचें एखादें सुटें पान हातीं आल्यास नौकाप्रकरणांतील अंकांबरोबरच सगृहा नौकांचा भाग पाठभेदांसह अक्षरशः उतरून घ्यावा. विशेषतः उन्नता वर्गांत रुंदी व उंची दर्शविणारे शब्द जसे दिसतील तसे नोंदवावे, कारण माझें वरील अनुमान तेथेंच खरें किंवा खोटें ठरणार आहे. तसेंच जुन्या दप्तरांतील खर्चाच्या यादींत नावेच्या संबंधांत चांदवा, मेघडंबरी, छत, खांब, झालर असे शब्द आढळले, तर ते किरकोळ म्हणून वगळूं नयेत. कापडाचें माप व खांबांची संख्या यांवरूनहि गृहाचा आकार काढतां येतो. राजांच्या विहारनौका पाण्यांत कुजून गेल्या. त्यांचीं छतें आतां आपल्या पोथ्यांत, भिंतींवर व हिशेबाच्या कागदांतच काय तीं उरलीं आहेत, आणि कागदांचेंहि आयुष्य फार नसतें. हें काम ज्यास जसें जमेल तसें त्यानें आजच हातीं घ्यावें.